रात्रीच्या इन्फ्रारेड नोंदींवरून वणवा आणि पाचटाची आग कशी ओळखावी: बेळगाव सीमाभागासाठी

फेब्रुवारी ते मे या काळात खानापूर तालुक्यातल्या रानात वणवे लागतात. त्याच सुमारास निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणीकडे ऊस तुटून गेलेल्या फडांत पाचट पेटवलं जातं. या दोन्ही आगी वरून जाणाऱ्या उपग्रहांना अंधारात दिसतात, आणि त्यांच्या नोंदी काही तासांत कुणालाही फुकट मिळतात. त्या मिळवणं सोपं आहे. चूक होते ती वाचताना. नकाशावर लाल ठिपका दिसला की लोक आग लागली म्हणून फोन करतात आणि प्रत्यक्षात तिथे वीटभट्टी निघते. उलट ठिपका दिसला नाही म्हणून निर्धास्त राहावं, तर जांबोटीच्या बाजूचा डोंगर जळत असतो. या दोन्ही चुका टाळता याव्यात म्हणून ही पद्धत दिली आहे.

उपग्रहाला नेमकं काय दिसतं

जमीन, झाड, पाणी, ज्वाळा, सगळं काही आपापल्या तापमानानुसार इन्फ्रारेड किरणं सोडतं. २७ अंश सेल्सिअसची, म्हणजे ३०० केल्विनची जमीन सर्वांत जास्त किरणं सोडते ती साधारण ९.७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीला. ज्वाळा ८०० ते १००० केल्विनच्या असतात आणि त्यांचा जोर ३ ते ३.६ मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणून आग शोधणारे उपग्रह दोन पट्ट्यांत बघतात: एक ४ मायक्रॉनच्या जवळचा मध्यम इन्फ्रारेड, दुसरा ११ मायक्रॉनच्या जवळचा औष्णिक इन्फ्रारेड.

दोन पट्टे कशाला, ते आकड्यांत पाहू. ३.७४ मायक्रॉनला १००० केल्विनची ज्वाळा ३०० केल्विनच्या जमिनीपेक्षा सुमारे ८००० पट तेजस्वी असते. ११.४५ मायक्रॉनला हाच फरक जेमतेम २६ पट भरतो. आता ३७५ मीटर बाजूचा एक पिक्सेल, म्हणजे उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत लहान चौकोन, घ्या. त्याचं क्षेत्र १४ हेक्टर, आपल्या हिशेबाने ३५ एकर. त्यातला हजारावा भाग, म्हणजे १४० चौरस मीटर, सुमारे दीड गुंठ्याला थोडा कमी, पेटलेला आहे असं धरू. मध्यम इन्फ्रारेडमध्ये त्या अख्ख्या पिक्सेलचं तापमान ३०० वरून ३६० केल्विनच्या वर दिसेल. औष्णिक पट्ट्यात ते ३०२ च्या आसपासच राहील. दोन आकड्यांमधली ही दरी हीच आगीची खूण. एकट्या मोठ्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. एप्रिलच्या दुपारी उघडा खडक आणि कारखान्याचे पत्रेही भरपूर तापलेले असतात.

रात्रीची नोंद अधिक विश्वासाची असते ती याच कारणाने. दिवसा सूर्यप्रकाशातही ३.७ मायक्रॉनची किरणं असतात, आणि पाण्यावरून, पत्र्यावरून, सौर पॅनेलवरून ती परावर्तित होऊन उपग्रहापर्यंत पोचतात. रात्री तो गोंधळ नसतो आणि जमीनही निवलेली असते, त्यामुळे लहान आगसुद्धा उठून दिसते. ३७५ मीटरच्या नोंदींत रात्री प्राथमिक निवडीसाठी मध्यम पट्ट्यात २९५ केल्विनपेक्षा जास्त आणि दोन पट्ट्यांत १० केल्विनपेक्षा जास्त फरक एवढं पुरतं. दिवसा हीच अट ३२५ आणि २५ केल्विन अशी कडक असते. त्यानंतर आजूबाजूच्या पिक्सेलशी तुलना करून मगच ठिपका पडतो.

रात्रीच्या दिव्यांचे जे नकाशे फिरत असतात, ज्यात बेळगाव शहर आणि हमरस्ता झगमगताना दिसतो, ते वेगळे. तो दृश्य आणि निकट इन्फ्रारेडचा प्रकाश असतो. त्यावरून आग ठरवू नका.

कोणता उपग्रह कशासाठी

रोजच्या कामाला व्हीआयआयआरएस हा संवेदक. वर सांगितलेल्या ३७५ मीटरच्या नोंदी याच्याच. तो सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) या तीन उपग्रहांवर आहे. आपल्या भागावरून ते रात्री साधारण एक ते तीनच्या दरम्यान आणि दुपारीही त्याच वेळात जातात. मोडिस हा संवेदक जुना आहे, पिक्सेल १ किलोमीटरचा. तो पूरक म्हणून ठेवा. भारताचा भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणारा, इन्सॅट-३डीएस दर अर्ध्या तासाला चित्र घेतो, पण त्याचा इन्फ्रारेड पिक्सेल ४ किलोमीटरचा, म्हणजे चार हजार एकरांच्या घरात. मोठा वणवा कोणत्या वेळी भडकला हे त्यावरून कळू शकतं. एका फडाची आग त्यात बुडून जाते.

आगीसाठी खास बनवलेल्या छोट्या उपग्रहांशी आपला संबंध जुना आहे. जर्मनीचा बर्ड, वजन शंभर किलोहूनही कमी, २२ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीहरिकोट्यावरूनच पीएसएलव्हीने गेला. त्याच्याच वंशातला बायरोस २०१६ मध्ये पीएसएलव्हीनेच गेला. इस्रोचा ईओएस-०८ हा १७५.५ किलोचा उपग्रह १६ ऑगस्ट २०२४ रोजी एसएसएलव्हीने ४७५ किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावरचं ईओआयआर हे उपकरण मध्यम आणि दीर्घ इन्फ्रारेडमध्ये दिवसा व रात्री चित्रं घेण्यासाठी बनवलेलं, आणि आगीवर नजर ठेवणं हा त्याच्या जाहीर उद्देशांपैकी एक. उपग्रहाचं नियोजित आयुष्य एक वर्षाचं होतं.

त्याची कक्षा मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. ती विषुववृत्ताशी ३७.४ अंशांनी कललेली असल्यामुळे बेळगाववर येण्याची वेळ रोज जवळजवळ अर्धा तास अलीकडे सरकते. व्हीआयआयआरएस रोज ठरलेल्या वेळीच येतो, त्यामुळे संध्याकाळी सात वाजता पेटून नऊला विझलेली आग त्याला कधीच दिसत नाही. कललेल्या कक्षेतला उपग्रह काही दिवसांनी नेमका सातला येऊ शकतो. पाचट बहुतेक संध्याकाळीच पेटतं हे ध्यानात घेतलं, तर अशा छोट्या उपग्रहांचं मोल कळतं. ते एकदोन असून भागत नाही, ताफा लागतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब इथेच देतो, कारण कॉलेजात क्यूबसॅटचा, म्हणजे खोक्याएवढ्या छोट्या उपग्रहाचा, विषय निघाला की इन्फ्रारेड कॅमेरा बसवू असं सहज म्हटलं जातं. ४७५ किलोमीटरवरून १० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण १० मायक्रॉनला ५८ मीटरपेक्षा बारीक बघूच शकत नाही. ४ मायक्रॉनला ही मर्यादा २३ मीटरवर येते. पण मध्यम इन्फ्रारेडचा चांगला संवेदक थंड ठेवावा लागतो, त्याचा शीतक वीज खातो आणि थरथरतो. थंड न करता चालणारा मायक्रोबोलोमीटर स्वस्त आहे, हलका आहे, पण मंद आहे. त्याला प्रतिसाद द्यायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात उपग्रहाखालची जमीन ७० मीटर सरकलेली असते. चित्र तेवढं फाटतं. आधी हा हिशेब कागदावर मांडा, मग कॅमेरा निवडा.

नोंदी कशा मिळवायच्या

नासाच्या फर्म्स या नकाशावर खातं न उघडताही ठिपके बघता येतात. रोज काम करायचं असेल तर ईमेल देऊन नोंदणी करा आणि आपल्या क्षेत्राच्या सूचना सुरू करा. क्षेत्राचा चौकोन देताना बेळगाव जिल्ह्यासाठी रेखांश ७४.० ते ७५.५ पूर्व आणि अक्षांश १५.३ ते १७.० उत्तर घ्या. थेट डेटा मागवताना आकडे पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर याच क्रमाने द्यावे लागतात: ७४.०, १५.३, ७५.५, १७.०. क्रम उलटला तर यादी रिकामी येते आणि आज आग नाही असा गैरसमज होतो. या चौकोनात चंदगड, कागलचा काही भाग आणि गोव्याचा सत्तरीकडचा डोंगरही येतो. तो काढून टाकू नका, आग सीमा बघून थांबत नाही.

भारतीय वन सर्वेक्षणाची वणवा सूचना सेवाही आहे. मोबाईल क्रमांक नोंदवला की वनक्षेत्रातल्या ठिपक्यांचे संदेश येतात. त्या सेवेत शेतातले ठिपके मिळणार नाहीत, म्हणून दोन्ही ठेवा. नासाच्या नोंदी उपग्रह गेल्यानंतर साधारण तीन तासांत येतात. रात्री पावणेदोनची आग तुमच्या फोनवर पहाटे पाचच्या सुमारास पोचेल असं धरून चाला.

तारीख आणि वेळ

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. नोंदीतली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. रात्रीच्या नोंदींत तारीखही बदलते. यादीत १२ फेब्रुवारी, २०१० असं लिहिलेलं असेल तर २०१० हे साल नव्हे, २० वाजून १० मिनिटं आहेत. आपल्याकडे ती १३ फेब्रुवारीची पहाट, १ वाजून ४० मिनिटं. गावात जाऊन बारा तारखेच्या रात्री आग लागली होती का असं विचारलं, तर अकरा-बाराच्या मध्यरात्रीबद्दल विचारताय की बारा-तेराच्या, हे समोरच्याला कळत नाही. बाराला रात्री जेवणं झाल्यावर, तेरा उजाडायच्या आत, असं विचारा.

एक्सेलमध्ये उघडताना सुरुवातीचा शून्य गळतो. ७५५ म्हणजे ०७:५५, आपल्याकडे दुपारचे १:२५. वेळेच्या आकड्याला १०० ने भागून पूर्णांक घेतला की तास, बाकी उरलं ती मिनिटं. तासांना २४ ने आणि मिनिटांना १४४० ने भागून ते तारखेत मिळवा आणि ५.५ भागिले २४ एवढं आणखी मिळवा. हा नवा स्तंभ करूनच पुढचं काम करा.

ठिपका शेतावर बसवणं

ठिपका म्हणजे पिक्सेलचा मध्यबिंदू. आग त्या बिंदूवरच असेल असं नाही. उपग्रह डोक्यावरून गेला असेल तर ती मध्यापासून दोनशे मीटरच्या आत कुठेही असू शकते. उपग्रह बाजूने गेला तर पिक्सेल फुगत जाऊन सुमारे ८०० मीटरचा होतो आणि चूक चारशे मीटरवर जाते. स्कॅन आणि ट्रॅक या दोन स्तंभांत त्या पिक्सेलची खरी लांबी-रुंदी किलोमीटरमध्ये दिलेली असते. ते आकडे बघून नकाशावर तेवढा चौकोन काढा आणि चौकोनातली सगळी रानं संशयित धरा. एका शेतकऱ्याचं नाव घेऊन मोकळं होऊ नका. ३५ एकरांत आपल्याकडे वीसपंचवीस खातेदार सहज निघतात.

कर्नाटकात सर्व्हे नंबर शोधायला दिशांक हे ॲप वापरा. नकाशावर बोट ठेवलं की गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा दिसतो. कोगनोळी, निपाणीच्या वरच्या अंगाला चौकोन राज्याची हद्द ओलांडतो. तिथे अर्धी रानं कागल तालुक्यात गट नंबरने सापडतील. अशा वेळी दोन्हीकडचे क्रमांक लिहून ठेवा, कारण फोन कुणाला करायचा हे त्यावरूनच ठरतं.

एखाद्या रात्रीचं पूर्ण औष्णिक चित्र हाती आलं, लँडसॅटचं किंवा अंतराळ स्थानकावरच्या इकोस्ट्रेसचं, तर ते नकाशावर नीट बसलंय का हे हिडकलच्या जलाशयावरून तपासा. रात्री पाणी जमिनीपेक्षा उबदार असतं, म्हणून जलाशय उजळ दिसतो. दिवसा तोच काळसर. त्याचा काठ नकाशावरच्या काठाशी जुळला नाही, तर चित्र जेवढं सरकलंय तेवढं सरकवून घ्या. नवख्या माणसाला उजळ जलाशय म्हणजे काहीतरी तापलंय असं वाटतं. ती आग नव्हे.

आग कोणती

विश्वासार्हतेच्या स्तंभात लो, नॉमिनल, हाय असे तीन दर्जे असतात. भारतात रात्रीच्या व्हीआयआयआरएस नोंदींत लो येतच नाही, तो दर्जा रात्री फक्त दक्षिण अटलांटिकच्या चुंबकीय विसंगतीच्या पट्ट्यासाठी आहे. हाय म्हणजे संवेदक ३६७ केल्विनला भरून गेला, त्यापुढे तो मोजूच शकत नाही. आग फार मोठी, एवढाच त्याचा अर्थ लावू नका. वर पाहिलंच, दीड गुंठ्याच्या ज्वाळाही जवळजवळ तिथवर पोचवतात.

आगीची ताकद एफआरपी या स्तंभात (ही उसाच्या दराची एफआरपी नव्हे) मेगावॅटमध्ये असते. एका मेगावॅटला सेकंदाला सुमारे ०.३७ किलो कोरडा पाला जळतो. ५ मेगावॅटचा ठिपका असेल तर मिनिटाला ११० किलो. एकरी तीन ते चार टन पाचट धरलं तर एकराचा फड अर्ध्या तासात संपतो. एकाच फेरीतल्या शेजारच्या ठिपक्यांची एफआरपी बेरीज करा, पण वेगवेगळ्या उपग्रहांची एकत्र करू नका. तीच आग दोनदा मोजली जाईल. (तेच पाचट टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकून सरीत दाबलं तर जमिनीचं भलं होतं. जळताना बघणं जिवावर येतं.)

वणवा ओळखायचा तो त्याच्या चालीवरून. एका रात्री दोन ठिपके, दुसऱ्या दुपारी चार, तिसऱ्या रात्री ओळच्या ओळ, आणि ओळ चढाकडे सरकलेली, तर तो डोंगर चढणारा वणवा. पाचटाचा ठिपका एकदाच पडतो आणि त्या जागी त्या हंगामात पुन्हा दिसत नाही.

वीटभट्टी मात्र फसवते. ती पेटते वणव्याच्याच महिन्यांत आणि पावसाळ्यात विझते, म्हणून हंगामावरून वेगळी काढता येत नाही. तिची खूण अशी की ठिपका हलत नाही: सात-आठ रात्री त्याच चौकोनात, एफआरपी थोडीच आणि जवळपास सारखी. कारखाने, ओतशाळा, कचरा डेपो यांच्यासाठी मागच्या पूर्ण वर्षाची यादी काढा, फक्त रात्रीच्या नोंदी ठेवा आणि अक्षांश-रेखांश ०.००५ अंशाच्या चौकोनांत गोळा करा. असा चौकोन आपल्याकडे साधारण ५५० मीटरचा होतो. जून ते सप्टेंबरमध्ये ज्या चौकोनात ठिपका पडला आहे, तिथे जंगलाची आग असण्याची शक्यता फार थोडी. असे चौकोन स्थिर उष्णतेच्या वेगळ्या यादीत टाका आणि दर वर्षी ती यादी ताजी करा. कायमचा उष्ण ठिपका कसा दिसतो हे शिकायचं असेल तर बळ्ळारीकडे तोरणगल्लूचा पोलाद कारखाना नकाशावर उघडून बघा.

ठिपका का पडत नाही

ढग असेल तर इन्फ्रारेड पलीकडे जात नाही. धुरातून मध्यम इन्फ्रारेड बऱ्यापैकी पार होतं, ढगातून नाही. भीमगड, कणकुंबीकडच्या सदाहरित रानात छताखाली जमिनीवरून सरपटणारी पालापाचोळ्याची आग वरच्या पानांआड लपते आणि ज्वाळा गवताळ सड्यावर आल्यावरच दिसते. खोल दरीच्या एका अंगाची आग तिरक्या कोनातून जाणाऱ्या उपग्रहाला दिसत नाही. आणि वेळेचं तर वर सांगितलंच. म्हणून कुणी धूर दिसतोय म्हणून सांगितलं आणि नकाशा कोरा असला, तर त्या माणसावर विश्वास ठेवा.

कुणाला, काय कळवायचं

जंगलातला ठिपका असेल तर पहाटे मिळाल्याबरोबर वनखात्याला १९२६ वर किंवा जवळच्या वनपालांना कळवा. वस्ती, गोठा, गंजीजवळ असेल तर ११२. संदेशात पाच गोष्टी द्या: गाव आणि तालुका, सर्व्हे नंबर किंवा डोंगराचं स्थानिक नाव, नकाशाची पिन, उपग्रहाने पाहिल्याची भारतीय वेळ, आणि चुकीचा आवाका मीटरमध्ये. शेवटच्या दोन गोष्टी लोक गाळतात, आणि पथक चार तासांपूर्वीच्या जागेवर जाऊन रिकाम्या हाताने परततं. वारा आणि चढ बघून आग आता कुठे पोचली असेल तेही एका ओळीत लिहा. संदेश कन्नडमध्येही तयार ठेवा, गावाचं नाव उताऱ्यावर असेल तसंच. स्वतः वणव्याच्या वरच्या अंगाला जाऊ नका, चढावर आग माणसापेक्षा वेगाने येते. अभयारण्यात तर वनखात्याच्या माणसाशिवाय पाऊलच टाकू नका.

दुसऱ्या दिवसानंतरची पडताळणी

युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह दर पाच दिवसांच्या आसपास सकाळी या भागाचं चित्र घेतो. त्याची चित्रं दाखवणाऱ्या कोपर्निकसच्या ब्राउझरमध्ये लघुतरंग इन्फ्रारेडचं मिश्रचित्र निवडा. ताजा जळलेला पट्टा गडद तपकिरी ते काळा दिसतो. पिक्सेल २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा, त्यामुळे ३५ एकरांतला कोणता फड जळला हे इथे कळतं. उसाच्या रानात घाई करा: पाणी दिलं आणि खोडवा फुटला की दहा-पंधरा दिवसांत खूण पुसली जाते. जंगलात ती पहिल्या पावसापर्यंत टिकते.

प्रत्येक ठिपक्यासाठी वहीत एक ओळ ठेवा: भारतीय तारीख-वेळ, उपग्रह, दोन पट्ट्यांची तापमानं, एफआरपी, पिक्सेलचा आकार, गाव, आणि शेवटी प्रत्यक्ष काय निघालं: वणवा, पाचट, भट्टी, कचरा की काहीच नाही. काहीच नाही निघालं तेही लिहा. दोन हंगामांच्या अशा नोंदी झाल्या की तुमच्या तालुक्यासाठी किती मेगावॅटच्या खालचे ठिपके आधी भट्टीच्या यादीशी ताडून बघायचे, ही मर्यादा त्या वहीतूनच ठरवता येते. ती चिक्कोडीला एक निघेल आणि खानापूरला दुसरी.